निवेदक कोणाच्या बाजूचा?

टीव्हीचा आवाज बंद करून क्रिकेटचा सामना पाहता येतो, कारण धावफलक पडद्यावर असतो आणि चेंडू सीमेपार गेला की नाही हे डोळ्यांनाच दिसते. आमच्याकडच्या मातीतल्या कुस्तीचेही तसेच आहे. पाठ मातीला लागली की निकाल झाला. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीच्या रेसलिंगचा आवाज मात्र एकदा बंद करून पाहावा. दोन धिप्पाड माणसे एकमेकांना सांभाळून उचलतात, सांभाळून टाकतात, मधूनच बराच वेळ पडून राहतात आणि पंच नेमक्या वेळी पाठ फिरवतो, एवढेच दिसते. निकाल आधी ठरलेला असतो हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तरीही पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि त्यातला मोठा वाटा रिंगणाबाहेर टेबलामागे बसून बोलणाऱ्या दोघांचा असतो, असे माझे इतक्या वर्षांच्या पाहण्यातून झालेले मत आहे. ते दोघे काय घडले हे सांगायला बसलेले नसतातच. घडले त्याला किती किंमत द्यायची, हे ते ठरवून देत असतात.

आम्ही निपाणीकडचे. केबल आली तेव्हा त्या खेळाचे नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होते, आणि त्याच्या आधी आमच्या खिशांत त्याचे ट्रम्प कार्डांचे पत्ते आले होते. अंडरटेकरची उंची आणि वजन आम्हांला पाठ होते, पण त्याला चालताना कोणी पाहिले नव्हते. पुढे टीव्हीवर तो दिसला, तेव्हा समालोचन अमेरिकन इंग्रजीत आणि आम्ही मराठी शाळेतले. शब्द म्हणून त्यातले फारसे काही पदरात पडत नसे. तरीही कोण सज्जन, कोण लबाड आणि आता काहीतरी आक्रीत होणार आहे, हे आम्हांला अचूक कळत असे, ते बोलणाऱ्यांच्या आवाजावरून.

आमचे थोरले काका तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता आणि असल्या ‘नाटकी कुस्ती’बद्दल आदरही नव्हता. एकदा ते जेवण उरकून आमच्या मागे येऊन बसले आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले. लबाड पैलवानाने पंचाच्या नजरेआड खुर्ची उचलली, तसा समालोचकांपैकी एक जण संतापून ओरडू लागला आणि दुसरा मात्र खुशीत हसत त्याची समजूत घालू लागला. काका म्हणाले, “हा दुसरा बोलणारा त्या पैलवानाच्या गावचा दिसतोय.” तो दुसरा आवाज जेरी लॉलरचा होता, हे मला पुढे कळले, आणि लबाडांची वकिली करण्यासाठीच त्याला तिथे बसवलेले आहे, हे तर आणखी पुढे. काकांनी मात्र जत्रेतली मैदाने ऐकलेल्या कानांनी पहिल्याच दिवशी ते ओळखले होते.

ही जोडीची पद्धत जुनी आहे. एकाने घटना सांगायची आणि नियमांची बाजू घ्यायची, दुसऱ्याने खलनायकाची कड घ्यायची. ऐंशीच्या दशकात गोरिला मॉन्सून हा पहिल्या खुर्चीत बसे. तो स्वतः जुना पैलवान होता, आणि कोणाच्या डोक्याच्या मागे फटका बसला की त्या हाडाचे वैद्यकशास्त्रातले लांबलचक नाव घेण्याची त्याला खोड होती. ऐकायला ते गमतीचे वाटते, पण त्यामुळे लागलेला फटका खरा वाटे. हाडाचे नाव माहीत असलेला माणूस लागले म्हणतो, म्हणजे लागलेच असणार. त्याच्या शेजारी कधी जेसी व्हेंचुरा असे, कधी बॉबी हीनन. व्हेंचुराची शैली मला अधिक खोल वाटते. तो उगाच लबाडांची तळी उचलत नसे. हल्क होगनसारख्या नायकाने केस ओढले किंवा पाठीत बोटे रुतवली, की तो लगेच विचारी की हेच त्या दुसऱ्याने केले असते तर तुम्ही काय म्हणाला असता. प्रेक्षक त्याच्यावर चिडत, पण त्याचा मुद्दा खोडून काढता येत नसे, आणि चिडचिडीतली अर्धी मजा त्यातच होती.

हीननची सर्वांत मोठी कामगिरी १९९२ च्या जानेवारीतील रॉयल रंबलची. मी ती फार उशिरा, चित्रमुद्रणावरून पाहिली. तीस पैलवान ठरावीक अंतराने एकेक करून रिंगणात येतात, वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेलेला बाद होतो आणि शेवटी उरेल तो जिंकतो. त्या वर्षी रिकामे असलेले अजिंक्यपदच पणाला लावले होते. हीनन कथेत रिक फ्लेअरचा माणूस होता आणि फ्लेअरचा क्रमांक निघाला तिसरा, म्हणजे जवळजवळ सर्वांशी झुंज देत तासभर टिकून राहण्याची पाळी. त्या तासात पडद्यावर बऱ्याचदा काहीच विशेष घडत नाही. दहा-बारा माणसे दोरांशी लोंबकळत एकमेकांना ढकलत असतात, बस्स. पण हीननचा आवाज पहिल्या मिनिटापासून कासावीस झालेला आहे. नवा पैलवान आला की तो हादरतो, फ्लेअर दोराखालून सरपटत सुटला की देवाचे आभार मानतो, हा अन्याय आहे म्हणून मॉन्सूनशी भांडतो. रॉडी पायपरने फ्लेअरला चोप दिला की त्याच्या स्कॉटिश घागऱ्याची तो टिंगल करतो, आणि त्याच पायपरच्या हातून चुकून फ्लेअरचा फायदा झाला की त्याच पोशाखाचे मानाने नाव घेतो. मॉन्सून शेजारी बसून त्याला सुखाने चिडवत राहतो. आपण फ्लेअरच्या विरोधात असलो तरी एव्हाना फ्लेअरचेच मोजमाप करू लागलेलो असतो. इतर एकोणतीस जण गर्दी होतात आणि एका माणसाची कथा उरते. तासभराच्या ढकलाढकलीतून ती कथा वेगळी काढून दाखवणे, हे काम रिंगणातल्या कोणीही केलेले नाही.

त्याच लढतीच्या शेवटी सिड जस्टिसने होगनला मागून दोरावरून बाहेर काढले. नियमाने ते रास्त होते, सभागृहातल्या प्रेक्षकांनी टाळ्यांचा गजर केला, आणि समालोचकांनीही त्या वेळी त्यात वावगे मानले नाही. बाहेर पडलेल्या होगनने मग चिडून सिडचा हात धरून ठेवला आणि त्यामुळे फ्लेअर जिंकला. कंपनीला होगन नायक हवा होता. त्यामुळे नंतर टीव्हीवर तोच प्रसंग दाखवताना समालोचन बदलले गेले, लोकांचा आवाजही बदलला गेला, आणि सिडने विश्वासघात केला असे चित्र उभे राहिले. चित्रफितीतली हालचाल तीच होती. कोणाला दोष द्यायचा हे आपण डोळ्यांनी ठरवतो असे ज्यांना वाटते, त्यांनी या दोन्ही फिती एकापाठोपाठ एक पाहाव्यात.

जिम रॉसचा प्रकार वेगळा. ओक्लाहोमाच्या ग्रामीण हेलात बोलणारा हा माणूस हसवायला कधी बसला नाही. पैलवान रिंगणाकडे येत असताना तो कोणत्या विद्यापीठातून फुटबॉल खेळला, शौकिया कुस्तीत त्याने काय मिळवले, हे रॉस शांतपणे सांगत जाई. कर्ट अँगलने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले होते, ब्रॉक लेस्नर २००० साली महाविद्यालयीन कुस्तीचा राष्ट्रीय विजेता होता; या खऱ्या गोष्टी तो इतक्या वेळा सांगे की पुढचे ठरवलेले नाट्यही त्या खऱ्याच्या आधाराने उभे राही. आमच्या मैदानातला निवेदक पैलवानाचे गाव, तालीम आणि वस्तादाचे नाव आधी सांगतो, त्यामागचा हिशेबही हाच आहे. गाव कळल्याशिवाय कुस्ती बघायची कशी?

२८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरने मॅनकाइंडला, म्हणजे मिक फोलीला, लोखंडी पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली फेकले. तो पडला तो स्पॅनिश समालोचकांच्या टेबलावर. (त्या बिचाऱ्या स्पॅनिश टेबलाच्या नशिबी हे नेहमीच येई, मोडायचे झाले तर तेच.) रॉस त्या क्षणी देवाची शपथ घेऊन ओरडला की यांनी त्याला मारले, त्याचे दोन तुकडे झाले. ही पडझड ठरलेली होती. थोड्या वेळाने फोली पुन्हा वर चढला आणि पिंजऱ्याच्या छताची जाळीच तुटून तो थेट रिंगणात कोसळला. हे मात्र ठरलेले नव्हते, असे त्या दोघांनीही पुढे सांगितले आहे. तेव्हा कोणीतरी ही लढत थांबवा, अशी रॉसने केलेली विनवणी ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पहिल्या ओरडण्यात आणि दुसऱ्या विनवणीत जो फरक आहे, तो शब्दांत नाही. इंग्रजी न कळणाऱ्या आमच्या घरातही तो फरक कळला होता. पहिल्या वेळी आम्ही मुले ओरडलो होतो आणि दुसऱ्या वेळी गप्प झालो होतो.

अशा समालोचकाची खरी कसोटी खेळ बाजूला पडतो तेव्हा लागते. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट छतावरून दोरीने खाली उतरत असताना पडला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. घरी पाहणाऱ्यांना तो पडताना दिसला नाही. जे पडद्यावर दिसते ते सारे बनावाचा भाग, अशी सवय झालेल्या लाखो लोकांना हा बनाव नाही, हे सांगण्याचे काम रॉसवर आले, आणि थोड्या वेळाने मृत्यूची बातमीही त्यालाच सांगावी लागली. १० सप्टेंबर २०१२ रोजी मॉन्ट्रियलमध्ये कार्यक्रम चालू असताना खुद्द लॉलरला टेबलाशीच हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्याचा सहसमालोचक मायकल कोल याची तीच अवस्था झाली. तोवर कोलची मी मनापासून टिंगल करीत असे, कारण त्याला त्या काळात मुद्दाम चिडखोर आणि पक्षपाती भूमिका दिली होती. पण त्या रात्री त्याने भूमिका बाजूला ठेवून, आवाज न चढवता, जेवढे ठाऊक होते तेवढेच सांगितले. वर्षानुवर्षे खोट्याला खरे म्हणणाऱ्या माणसाचे खरे बोलणे लोकांनी तत्काळ ओळखले. आमच्या मैदानात एखाद्या पैलवानाचा खांदा निखळला की हलगी थांबते आणि निवेदकाचे यमक-अलंकार गळून पडतात; तो सरळ, पडक्या आवाजात डॉक्टरांना आत बोलावतो, आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही काय झाले हे न दिसता कळते.

हाच आवाज उलट्या दिशेनेही काम करतो. ४ जानेवारी १९९९ रोजी डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीचा कार्यक्रम थेट चालू होता आणि डब्ल्यूडब्ल्यूएफचा त्याच वेळचा भाग आधीच चित्रित झालेला होता. वरिष्ठांच्या सांगण्यावरून टोनी शियावोनीने आपल्या प्रेक्षकांना आधीच सांगून टाकले की तिकडे मिक फोली अजिंक्यपद जिंकणार आहे, आणि यासाठी लोक तिकिटे काढतील म्हणे, अशी वर कुत्सित पुस्तीही जोडली. निकाल फोडला की तिकडची मजा मरेल असा डाव होता. झाले उलटे, लाखो प्रेक्षकांनी तत्क्षणी वाहिनी बदलली, कारण ठरलेला असला तरी फोलीचा तो विजय त्यांना डोळ्यांनी पाहायचा होता. मला यात शियावोनीची कीवच येते. चांगला समालोचक होता तो. पण दुसऱ्याच्या तोंडचे वाक्य त्याला बोलावे लागले आणि तेच त्याला जन्मभर चिकटले.

दुसऱ्याचे वाक्य बोलण्याची ही व्याधी पुढे डब्ल्यूडब्ल्यूईतही फोफावली. मालक व्हिन्स मॅकमॅहन स्वतः अनेक वर्षे समालोचक होता, आणि हाच मालक आहे हे तेव्हाच्या बहुतेक प्रेक्षकांना ठाऊकही नव्हते. टेबल सोडल्यावर तो पडद्यामागून समालोचकांच्या कानात बोलू लागला. कोणता शब्द वापरायचा आणि कोणता टाळायचा, पैलवानाला पैलवान न म्हणता ‘सुपरस्टार’ म्हणायचे, पट्ट्याला नुसता पट्टा म्हणायचे नाही, पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात कधी घुसवायची, हे सारे वरून येई. परिणाम ऐकणाऱ्याला स्पष्ट जाणवे: समोर एक माणूस जिवावर उदार होऊन उडी मारतो आहे आणि टेबलावरचे तिघे भलतेच काहीतरी बोलत आहेत. बोलणाऱ्याचेच लक्ष नसेल, तर आपण कशाला जीव लावायचा? जुलै २०२२ मध्ये मॅकमॅहन बाजूला झाल्यावर तोच मायकल कोल असा काही मोकळा झाला की ऐकणाऱ्याला माणूस बदलला असे वाटावे. पॅट मॅकॅफी या सहसमालोचकाबरोबर तो हसे, चुके, खरोखर दचके. वीस-पंचवीस वर्षे तो माणूस त्या टेबलावर होताच. त्याला ऐकण्याची संधी आपल्याला उशिरा मिळाली.

तरीही समालोचक सांगेल ते सारेच लोक ऐकतात असे नाही. २००६ मध्ये भारताचा खली आला आणि पहिल्याच दिवशी त्याने अंडरटेकरला आडवे केले, तेव्हा समालोचक त्याला भयंकर संकट म्हणून रंगवत होते. प्रेक्षकांनी त्याच्यावर चिडावे अशी ती योजना होती. आमच्या गल्लीत मात्र त्या रात्री फटाके फुटायचेच बाकी राहिले होते, आणि पुढच्या वर्षी तो जागतिक विजेता झाला तेव्हा तर विचारूच नका. समालोचकाने बाजू ठरवून दिली तरी प्रेक्षकाचे गाव त्याला बदलता येत नाही.

इथे आमच्या मैदानांचा एक मोठा वेगळेपणा सांगायला हवा. अमेरिकेतल्या सभागृहात बसलेल्यांना समालोचन ऐकूच येत नाही. ते फक्त टीव्हीसमोर बसलेल्यांसाठी असते. आमचा निवेदक कर्ण्यावरून बोलतो, आणि त्याचे बोलणे प्रेक्षकांइतकेच पैलवानांच्याही कानी पडते. दोघे बराच वेळ नुसतीच खडाखडी करू लागले, की निवेदक आधी गोडीत सांगतो, मग चिमटा काढतो, मग बरोबरीत सोडवण्याची भाषा करतो, आणि तेवढ्यात कोणीतरी कनवटीचे पाचशे एक रुपये वाढीव इनाम म्हणून जाहीर करतो. कुस्ती पेटते. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली बंता सिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले, ही गोष्ट चिकोडी-निपाणी भागातल्या प्रत्येक मैदानात आजही याच रेंगाळलेल्या वेळी सांगितली जाते. रिंगणात हेडलॉक लावून दोघे दम खात असताना मॉन्सून आणि हीनन जे करीत, तेच हे. येळ्ळूरपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात याला आणखी एक पदर आहे: समोर मराठी गावे तशीच कानडी गावेही बसलेली असतात, आणि जाणता निवेदक एक वाक्य मराठीत टाकून दुसरे कानडीत टाकतो. दावणगेरे किंवा धारवाडच्या पैलवानाने कोल्हापूरच्या तालमीतल्या पोराला घिस्सा मारून चीत केले, तर त्या डावाचे कौतुक दोन्ही भाषांत सारख्याच तोंडभर झाले पाहिजे. ते झाले नाही की शेजारची माणसे लगेच एकमेकांकडे पाहतात. हीननला पक्षपातासाठी पगार मिळे. आमच्या निवेदकाची मात्र पक्षपाताचा नुसता वास आला तरी धडगत नसते.

आता घरोघरी मुले रेसलिंग हिंदी समालोचनात पाहतात. मला त्यातली शेरोशायरी आणि सिनेमाचे संवाद खटकतात, कारण डाव चालू असताना बोलणारा स्वतःच्या विनोदावर खूश असतो. पण माझ्या पुतण्याला त्याशिवाय पाहणे अळणी वाटते, आणि शब्द कळत असताना पाहण्याचे सुख आम्हांला मिळाले नव्हते, हेही खरे. अडचण तिथे नाही. अडचण अशी की जत्रेतल्या मैदानांवरचे काही तरुण निवेदक आता त्याच ढंगात बोलू लागले आहेत. पैलवान आत येताना मोठ्याने गाणे, नावाआधी चार विशेषणे, प्रत्येक जोड ‘ऐतिहासिक’. आरडाओरडा मला चालतो. रॉस काही कमी ओरडत नसे. पण परवाच्या एका मैदानात एकाने लपेट लावून कुस्ती निकाली केली आणि निवेदकाने जल्लोषात डाव सांगितला तो ढाक. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी तिथल्या तिथे उठून दुरुस्ती केली, आणि पठ्ठ्याने मान खाली घालून कर्ण्यावरून ती मान्यही केली. यूट्यूबवर थेट पाहणाऱ्यांना मात्र ती दुरुस्ती नीट ऐकू आली नाही. तिथे खाली टिप्पण्यांत त्या ‘ढाके’चे कौतुक अजून चालू आहे.